‘ब्रेक नाही’ या गाण्यातील चार ठोक्यांची हकीकत

श्रीसप्तसूर साह्य. ज्यांणी कान दिले त्यांसी पहिला दंडवत, ज्यांणी पायांस ताल दिला त्यांसी दुसरा, आणि जी तार ऐन रणात तुटली तिजला तिसरा दंडवत घालून हा मजकूर लिहिला जातो. आज्ञा जाहली की, ‘ब्रेक नाही’ हे रॉक अँड रोल गाणे मुळात कोणी केले, मागाहून कोणकोणत्या फौजांनी वाजविले, आणि तिसरे कडव्यात सर्व वादक चार ठोके स्तब्ध उभे राहतात ते कशामुळे, हे साद्यंत लिहून द्यावे. त्यावरून जे वडीलधाऱ्यांचे तोंडून ऐकिले आणि जे अखेरीस या डोळ्यांनी पाहिले ते लिहितो. तिखटमीठ असेल ते चिमूटभर, लिहिणाराचा हात तेवढा सैल आहे, क्षमा असावी.

शके १८७८, दुर्मुखनाम संवत्सर. नाव ऐसे, परंतु त्याने जे दिले त्यावर मुलूख अद्याप नाचतो आहे, म्हणोन त्यास बोल लावू नये. त्या समयी खाडीकाठी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर चार गावे आमचे आमचे म्हणत भांडत येतील. तेथे इनास मास्तर म्हणोन चर्चात व्हायोलिन वाजवीत असत. तालाचे बहुत कडक. कोणी अर्धा ठोका मागे पडला तर त्या रविवारपासून पुढील रविवारपर्यंत त्याशी बोलत नसत, मग तो पोटचा का असेना. त्यांची कन्या रेमेदबाई, वय बावीस, गिटार वाजवी. त्या साली गलबतावरील खलाशांनी परदेशीच्या तबकड्या आणिल्या आणि त्यांत रॉक अँड रोल नावाचा ताल निघाला, जो ऐकता बसलेला माणूस उठे आणि उठलेला बसत नसे. रेमेदबाईंनी तो ऐकिला, आणि त्याच आठवड्यात शेजारची एक बाई केळीच्या पानांचा भारा घेऊन चर्चाचे उतारावरून ब्रेक नसलेल्या सायकलीवर बोंबलत येताना पाहिली, आणि मग घरी जाऊन एका बैठकीत गाणे रचिले: ‘उतारावरून येतंय मी, बाजूला व्हा गो बाजूला, ब्रेक नाही सायकलीला.’ तीन कडवी, पहिल्यात उतार, दुसऱ्यात बाजार, तिसऱ्यात बाजाराची दाणादाण. गाणे ऐसे की कोठे श्वास घ्यावयास जागा नाही.

मग ध्वनिमुद्रणाचे कारखान्याकडे स्वारी निघाली. संगतीस ढोल वाजविणारा बावतीस, रेमेदबाईंचा बालमित्र, अंगाने आडवा आणि मनाने सरळ. भर दुपारी यंत्र सुरू जाहले आणि पहिले कडवे फत्ते, दुसरे फत्ते, आणि तिसरे कडव्यात सायकल बाजारात घुसली त्याच क्षणी गिटारीची तिसरी तार खाडकन तुटून बाईंचे गालावर लागली. बाईंचा हात थांबला, गळा थांबला. बावतीसाने मात्र ढोलाचे लाकडी कडेवर काठी टक, टक, टक, टक ऐसी चार वेळा वाजविली, आणि पाचव्यास बाई उरलेल्या पाच तारांनिशी पुन्हा उतारावर निघाल्या आणि गाणे शेवटास नेले. नेले ते ऐसे नेले की खोलीतील झाडूवालाही नाचला. मग बाई कारभाऱ्यास म्हणाल्या, “साहेब, परत एकदा घ्या. तार बदलते.” कारभारी म्हणाला, “बाई, फीत संपली. झालं ते झालं. चार ठोके कोण मोजतंय?” बिचाऱ्यास ठाऊक नव्हते की पुढे सर्व मुलूख मोजणार आहे.

तबकडी घरी आली तो रविवार होता. मास्तरांनी ती यंत्रावर लाविली, डोळे मिटून ऐकिली, पायाने ताल धरिला, आणि तिसरे कडव्यात पाय थांबला. तबकडी संपली तेव्हा ती उचलून पाकिटात घातली आणि म्हणाले, “बाय, तू मधीच थांबलीस.” इतकेच बोलिले, आणि रिवाजाप्रमाणे रविवारपर्यंत अबोला धरिला. शनिवारी सकाळी छातीत कळ येऊन मास्तर वारले. अबोला सुटावयास एक दिवस कमी पडला. रेमेदबाईंनी गिटार खुंटीस टांगिली, शिवणयंत्र घेतले आणि गावच्या मुलींचे फ्रॉक शिवू लागल्या.

इकडे तबकडी मात्र घरी बसेना. प्रथम गंगारामपंत बँडवाले यांचे लष्कराने गाणे उचलिले. त्यांजपाशी पिपाण्या, कर्णे, ताशे, तुटावयास तार म्हणोन एक नाही. परंतु गंगारामपंत नेकीचे मनुष्य. म्हणाले, “तबकडीत थांबतात तर आपणबी थांबायचं. मोठ्या माणसांनी काही विचार करूनच केलं असेल.” मग वरातीत तिसरे कडव्यास सर्व बँड चार ठोके उभा राही, आणि वऱ्हाडी नाचता नाचता एक पाय उचललेला तैसाच अधांतरी धरून उभे राहत, आणि नवरदेवाचा घोडाही उभा राही. पाचव्या ठोक्यास सर्व पाय एकदम खाली येत. येणेप्रमाणे एका पायावर थांबण्याची चाल पडली, ती आजतागायत मोडली नाही. एकदा ही वरात रेमेदबाईंचे दारावरून गेली आणि नेमकी दारासमोर थांबली. बाईंनी खिडकी लावून घेतली. त्यांस वाटले, लोक माझी चूक वाजवीत फिरतात.

मग केस वाढविलेले कॉलेजवीर आले. त्यांचा सरदार विश्राम टिपणीस, विजेची गिटार बाळगी, स्वतःस बहुत शहाणा समजे. त्याने चार ठोक्यांची मोकळी जागा पाहिली आणि तीत आपले बोटांचे कसब ठासून भरिले. ते कसब खरेच उंची होते, परंतु समोर हजार माणूस एक पाय उचलून उभे, आणि यास थांबणे ठाऊक नाही. लोक कावले. एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, “अरे, आमची थांबायची जागा कुठं घातलीस?” टिपणीसाने दुसरे दिवसापासून जागा जैसी होती तैसी मोकळी केली. गर्वाचे माणसाने चूक कबूल करणे थोर गोष्ट, म्हणोन त्याचेही उपकार मानितो. पुढे गाणे परमुलखी गेले. भाषा बदलली, सायकलीची मोटार जाहली, एके ठिकाणी उंट जाहला, परंतु चार ठोके कोणी सोडिले नाहीत. हल्ली संगणकावरही वाजते. त्या यंत्रास तार नाही, बोट नाही, तेही इमानाने थांबते.

शके १९२८, व्ययनाम संवत्सर, गाण्यास पन्नास वर्षे पूर्ण. शरयू कारखानीस म्हणोन मुलींचे बँडची म्होरकी होती, तिने गाण्याची मूळ धनीण शोधून काढिली आणि उत्सवास बोलाविले. रेमेदबाई बहात्तर वर्षांच्या. आधी नाही म्हणाल्या, मग दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, “येते. पन एक अट. यंदा मी थांबणार नाय. सहाच्या सहा तारा नव्या घालते. माज्या बापसाला सबंद गाणं ऐकवायचं राह्यलंय.” शरयूबाईंचे तोंड उतरले. चार ठोके गेले तर गाण्याचा प्राण गेला, आणि ठेवा म्हणावे तर म्हातारीची पन्नास वर्षांची मनीषा मोडते. बँडमधील मुली कुजबुजल्या, तेव्हा ती म्हणाली, “गाणं त्यांचं आहे. त्या म्हणतील तसं वाजेल.” हे बोल आम्ही ऐकिले, आणि त्या मुलीस मनोमन मुजरा केला.

चर्चाचे मैदानावर दुपारी चार वाजता सात हजार माणूस जमले. रेमेदबाई खुर्चीत, मांडीवर तीच गिटार, मागे बावतीस, दात गेलेले, ढोल तोच. बाईंनी सुरुवात केली. बोटे जड होती, पहिले कडवे चालत गेले, दुसरे धावले, आणि तिसऱ्यास सायकल बाजारात घुसली आणि बाई थांबल्या नाहीत. परंतु मैदान थांबले, आणि सवयीने मुलींचा बँडही थांबला. सात हजार पाय वर गेले आणि वरच राहिले. बाईंचे दोन सूर त्या शांततेत एकटेच वाजले, आणि त्या दचकल्या आणि त्यांणी तारांवर हात ठेविला. बावतीसाची काठी कडेवर वाजतच होती. चार जाहले, आठ जाहले, बारा जाहले. म्हातारे शेजाऱ्याचा खांदा धरून उभे होते. आमचे पोटरीत गोळा आला, परंतु पाय खाली घेतला नाही, हे शपथेवर लिहितो.

बाईंनी मागे वळून विचारिले, “बावतीस, ही लोकं का थांबली रे?”

बावतीस काठी न थांबविता म्हणाला, “तुजी वाट बगतात गो. मी तवा काय करत होतो मग?”

 बाईंनी मैदानाकडे पाहिले, आणि डोळ्यांत पाणी आले ते पुसले नाही, कारण हात गिटारीवर घेतले होते. सोळावा ठोका पडला आणि पुढील ठोक्यास बाई ऐशा उतरल्या की बाविसावे वर्ष परत आले, आणि सात हजार पाय एकदम खाली आले, आणि चर्चाचे तावदानांस हादरा बसला. गाणे शेवटास गेले. लोक ओरडत होते, परंतु बाईंनी कोणाकडे पाहिले नाही. चर्चामागे मास्तरांची कबर आहे, तिकडे मान वळवून म्हणाल्या, “बाबा, कोनी अर्दा ठोकापन मागं पडला नाय.”

एकूण हकीकत ही. गाणे रेमेदबाईंनी केले, राखिले मुलखाने, आणि काठी धरिली बावतीसाने. त्या दिवशी रविवार होता. बाई म्हणतात, सायंकाळी घरी जाऊन मास्तरांचे तसबिरीशी बहुत वेळ बोलत बसले. कळावे, लिहिणार सर्वांचा ऋणी.