शेणकिड्याला झालेली शिक्षा

एका जंगलात, मुलांनो, कचराच नव्हता. आश्चर्य वाटले ना?

त्याचे कारण अगदी लहान होते आणि त्याला सहा पाय होते. घनश्याम हे त्या शेणकिड्याचे नाव. हत्ती, गवे आणि सांबरे मागे जे टाकून जात, त्याचे तो सुबक गोळे वळी, मागच्या पायांनी ढकलत नेई आणि मातीत पुरी. त्याची पत्नी श्यामला त्या गोळ्यांत अंडी घाली. पिले जन्मत, माती कसदार होई, गवत वाढे. घनश्यामाचे कौतुक कोणी करत नसे. त्यालाही त्यावाचून काही अडत नसे.

एके दिवशी 'स्वच्छ वन' स्पर्धेचे परीक्षक आले. ते बगळे होते, अर्थातच पांढरेशुभ्र. त्यांनी तक्ता उघडला.

"कचऱ्याचा ढीग कुठे आहे?"

"नाहीच मुळी!" सिंहमहाराज अभिमानाने म्हणाले.

"ढीगच नाही, तर व्यवस्थापन कशाचे करता? शून्य गुण!"

शेजारच्या वनात टेकडीएवढा उकिरडा होता. मानाची ढाल तिकडे गेली.

महाराजांना हा अपमान सोसवेना. कोल्हे प्रधानांनी दवंडी पिटवली. यापुढे सर्व घाण पाणवठ्याशेजारी, परीक्षकांना दिसेल अशी साठवावी. जो ती मातीत पुरेल, तो राजद्रोही!

घनश्याम धावत प्रधानांकडे गेला. "प्रधानजी, श्यामलेचे दिवस भरत आले आहेत. एकच गोळा पुरू द्या."

"अर्ज केलास?"

"केला. तीनदा."

"मग निश्चिंत राहा. तिन्ही अर्ज त्या ढिगातच सुरक्षित आहेत."

ढीग वाढला. पाणवठ्याला दुर्गंधी सुटली. हरणे श्वास रोखून पाणी पिऊ लागली.

"अहो," श्यामला म्हणाली, "मी थांबेन हो. अंडी थांबायची नाहीत."

तेव्हा घनश्यामाने भर दुपारी, सर्वांच्या देखत, एक गोळा वळला. अर्थातच तो पकडला गेला.

"कचराचोर!" प्रधान किंचाळले.

"चिमूटभरच घेतला, महाराज."

"आज चिमूट, उद्या सगळा ढीग! मग परीक्षकांना काय तुझे डोके दाखवू?" महाराज गरजले. "याला याच ढिगाखाली जिवंत पुरा!"

घनश्यामाला हसू आवरेना, म्हणून त्याने मान खाली घातली. प्रधानांना तो पश्चात्ताप वाटला.

श्यामला लगबगीने पुढे झाली. "महाराज, या अपराधात माझाही वाटा आहे."

"मग तूही जा! आणि तुमचे सारे गणगोतही घेऊन जा!"

अस्वलांनी खड्डा खणला. घनश्यामाचे काका, श्यामलेच्या मावश्या, झाडून सारे शेणकिडे रांगेने, एकमेकांना आग्रह करत ढिगाखाली गेले.

ढीग हळूहळू खचत गेला. पुढच्या वर्षी बगळे आले, तेव्हा तेथे कोवळे गवत होते. त्यांनी तक्ता उघडला, शून्य लिहिले आणि ते उडून गेले.

"प्रधान, कचरा कुठे गेला?"

"महाराज, आपल्या धाकाने पळाला."

महाराज प्रसन्न झाले.

गवतात पिले धडपडत होती. श्यामला काळजीने म्हणाली, "अहो, हे पुन्हा ढीग घालायला लावतील."

"लावू देत," घनश्याम म्हणाला. "पोरांना गुन्हा शिकवायला मी आजच आरंभ करतो."

तात्पर्य : लोकोपयोगी कार्यासाठी परवानगी मागू नये, शिक्षा मागावी. ती विनाविलंब मिळते, आणि सहकुटुंब मिळते.