सोनाबाईच्या पाच सुया

आमच्या लग्नात ह्यांनी भर मांडवात भटजींना विचारलं होतं, "आठ मंगलाष्टकं म्हन्ता, काई कमी नाई होत का?" सासरेबुवांनी डोळे वटारले म्हणून आठ झाली. नाहीतर माझं लग्न पाचातच उरकलं असतं.

"काई कमी नाई होत का?" हा आमच्या ह्यांचा श्वास आहे. कारंजा गावाबाहेर आमची वांग्या-मिरच्यांची वाडी. सकाळी गुजरीत, भाजीबाजारात, स्वतःच्या वांग्यांचा भाव पैशानंसुद्धा उतरू देणार नाहीत, आणि तिथून उठून पोस्टात गेले की पोस्टकार्डाचा भाव करतील. न्हाव्याला म्हणतील, "केस अर्धे उरले, पैसे पुरे कायले?" कासारानं मला बांगड्या भरल्या की एक वरची मागून घेतात, मग ती मापाची नसली तरी चालते.

हे सगळं मी वीस वर्षं हसून सोसलं. मला जाळलं ते एका मांजरीनं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या साली ती वाडीत आली. मला वीस वर्षं नुसत्या "अवं"वर भागवणारा हा माणूस तिला पहिल्याच दिवशी "सोनाबाई" म्हणाला! साय तिला, ताक मला. जेवताना ती ह्यांच्या मांडीला टेकून बसे आणि माझ्याकडे असं बघे, जणू तो पाट तिच्या माहेराहून आला आहे. बायांना दोन पायांची सवत मिळते, मला चार पायांची मिळाली.

एका हिवाळ्यात सोनाबाईनं अन्न सोडलं. छाती घरघरू लागली. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं, सुटले. ह्यांनी वांग्यांच्या टोपलीत माझं चांगलं धड लुगडं अंथरलं, तिला त्यात निजवलं आणि गुरांचा दवाखाना गाठला. मीही मागून गेले. डॉक्टरांशी ह्यांची घासाघीस मला बघायची होती.

बैलांच्या रांगेत मांजर पाहून डॉक्टर आधी हसले, मग तपासून गंभीर झाले. "निमोनिया आहे. रोज एक, अशा पाच सुया द्याव्या लागतील. औषध तुम्हाला बाहेरून आणावं लागेल. आणि जगेलच, असं सांगता येत नाही."

एक सुई म्हणजे आमची एक टोपली वांगी. मी कान टवकारले. आता विचारतील, मग विचारतील.

हे म्हणाले, "लिहून द्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षांपूर्वी मलाही हाच आजार झाला होता. माझ्या डॉक्टरांनी दहा सुया सांगितल्या होत्या, ह्यांनी घासून घासून सहावर आणल्या. ताप उतरला, मी हौसेनं कढी प्यायले आणि ताप उलटला. सहा महिने अंथरुणावर होते. दोष माझ्या जिभेचा, असं मानून मी त्या दिवसापासून घरात कढी केली नाही.

पुढचे चार दिवस गुजरीनं नवलच पाहिलं. दवाखान्याची वेळ चुकू नये म्हणून हे पहिल्या गिऱ्हाइकाला, तो म्हणेल त्या भावात टोपली देऊन मोकळे होत. शेजारची मिरचीवाली मला विचारायला आली, "बरं हाय ना वं त्याइले?"

पाचव्या दिवशी, पाचवी सुई झाल्यावर, सोनाबाईनं दवाखान्यातच दूध चाटलं. डॉक्टर म्हणाले, "वाचली. आता सुई नको." तर हे हात जोडून उभे. "डॉक्टरसाहेब, अजून एखादी देऊन टाका ना. काई वाढवता नाई येत का?"

परतताना वाडीच्या बांधावर मी फुटलेच. "मले दहाच्या सहा केल्या, अन् इले पाचाच्या सहा? मांजरीयवडी बी किंमत नाई का माही?"

हे थांबले. टोपली छातीशी धरली.

"तुहा ताप कढीनं नाई उलटला वं," ते म्हणाले. "माह्या तोंडानं उलटला. डॉक्टर दहा म्हने, म्या सहावर आनलं. सहा महिने तू पडून होती, मी पाह्यत होतो. तवापासून दवाईचा भाव नाई करत मी. इची छाती घरघरली, अन् मले तुही आयकू आली."

"मंग चार वर्सं सांगतलं काहून नाई?"

"भेव वाटे."

मला रडू आलं आणि रागही आला. चार वर्षं मी कढीला बोल लावला होता.

त्या संध्याकाळी मी कढी केली. ह्यांनी पहिली वाटी माझ्यापुढे सरकवली आणि मी पिईपर्यंत स्वतःच्या वाटीला हात लावला नाही. सोनाबाई टोपलीतून आमच्याकडे टकमक बघत होती. म्हटलं, बघ बाई. आज जळायची पाळी तुझी.