टिंबाआधीचं शून्य

आमच्या शाळेतले गणिताचे दिगंबर मास्तर बाजारात निघाले की खिशात खडू घेऊन निघत. एखाद्या दुकानाच्या पाटीवर ‘चहा .५ किलो’ असं दिसलं, की थांबत आणि टिंबाच्या आधी ठसठशीत शून्य काढत.

एकदा किराणावाला वैतागला. “मास्तर, पाटीला हात लावू नका. शून्य बघून गिऱ्हाईक म्हणतंय, माल संपला!”

“म्हणू दे. हिसाब बराबर पाहिजे,” म्हणत मास्तर पुढच्या दुकानाकडं.

शेर जाऊन किलोची नवी वजनं आल्यापासून हे सुरू झालं होतं. नुसतं ‘५.’ लिहिलेलंही त्यांना खपत नसे. “पुढं काही न्हाय, मग टिंब कशाला? जेवण झालं तरी न उठणारा पाहुणा!”

मी नळदुर्गाच्या या शाळेत नवी शिक्षिका. सोलापुरात इंग्रजी शाळेत शिकलेली, बोलायला भिणारी. शिक्षकांच्या खोलीत हे रोज ऐकावं लागे. मी मान हलवी. सगळेच हलवत. त्या उन्हाळ्यात वाद घालायचं त्राण कुणात नव्हतं.

वाद घाली ती सातवीतली रुक्मिण. बाप मेंढरं राखणारा.

“गुरुजी, टिंबाआधी काय न्हाय, हे दिसतंय की. मग शून्य कशाला?”

“टिंब पुसलं तर? अर्ध्याचे पाच होतील!”

“मग टिंब जरा मोठं काढा की!”

तास असाच संपे. मास्तर खोलीत येऊन घटाघटा पाणी पीत. “लई उद्धट पोरगी,” म्हणत. पण एरवी रोज दुखणारी त्यांची पाठ त्या दिवशी दुखत नसे.

वार्षिक परीक्षेआधी त्यांनी वर्गाला बजावलं, शून्य नाही तर गुण नाही. त्याच आठवड्यात रुक्मिणचा बाप शाळेत येऊन सांगून गेला, “नापास झाली तर मेंढरामागं धाडतो. बास झाली शाळा.”

पेपर तपासताना मास्तर माझ्या समोर बसले होते. रुक्मिणचा पेपर आला. उत्तरं सगळी बरोबर, आणि टिंबाआधी एकाही ठिकाणी शून्य नाही. लाल पेन्सिल हातात धरून त्यांनी पेपर पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचला. मग एकेका उत्तरावर बरोबरची खूण करत शेवटपर्यंत गेले.

माझ्या तोंडून निघून गेलं, “मास्तर, शून्य?”

“असू द्या, बाई.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “ही गेली, तर माझ्याशी भांडणार कोण?”