अरी म्हणजे कोण?

एका जंगलात, मुलांनो, सगळं मुबलक होतं. गवत होतं, पाणी होतं, उन्हाळ्यात करवंदं होती. संपली होती ती फक्त नावं.

पूर्वी बरं होतं. डुकराचं पोर झालं की गुंड्या, हरणाचं झालं की बाळ्या. काम भागायचं. पण पुढे जंगलात शाळा निघाली आणि शिकलेल्या आयांना ते चालेना. नाव दोन अक्षरी हवं. शेजारणीने न ठेवलेलं हवं. परदेशी हवं, पण आजीला उच्चारता यायला हवं. आणि अर्थ सांगितल्यावर समोरचीचं तोंड उतरलं पाहिजे.

त्या जंगलात ठकू नावाची एक सशीण राहत होती. तिच्या नवऱ्याचं नाव लहानू. वाळकं पान पडलं तरी लहानू आधी बिळात शिरायचा आणि मग आतून विचारायचा, "काय झालं?"

ठकूची आधीची तीन पिल्लं ससाण्याने नेली होती. त्यांची नावं होती लोणी, कापूस आणि चांदू. हसू नका. तिने ती फार लाडाने ठेवली होती. चौथ्या वेळी एकच पोर झालं, बारीकसं, लांब कानांचं. त्याला पोटाशी घेऊन ठकू नवऱ्याला म्हणाली, "अहो, चुकलं आपलं. मऊ नावं ठेवली. याला असं नाव हवं, की न्यायला आलेल्याने दोनदा विचार केला पाहिजे."

"दगडू ठेव," लहानू बिळातून म्हणाला.

ठकूने ऐकलं नाही. ती लहानूला ओढत हुदहुद्याकडे गेली.

हुदहुद्या म्हणजे डोक्यावर तुरा असलेला पक्षी. हा दर हिवाळ्यात लांबून यायचा. वाटेत वाळवंटं लागतात, त्यामुळे आपल्याला सात भाषा येतात, असं तो सांगायचा. तपासणार कोण?

ठकूची गोष्ट ऐकून त्याने तुरा उघडला, मिटला, आणि म्हणाला, "अरी."

"अरी?"

"हिब्रू आहे."

"ते कुठलं झाड?" लहानूने विचारलं.

"भाषा आहे हो ती," ठकू म्हणाली. तिलाही ते आत्ताच कळलं होतं. "अर्थ काय, गुरुजी?"

"सिंह."

ठकूचे कान उभे राहिले. लहानूचे पडले.

"फार जुनं आहे," हुदहुद्या म्हणाला. "एका म्हाताऱ्याला बारा मुलगे होते. मरायच्या आधी त्याने एकेकाला जवळ बोलावून आशीर्वाद दिला. चौथ्याला म्हणाला, तू सिंहाचा छावा. तिकडची माणसं ते विसरली नाहीत. अजून मुलांना सिंहाचं नाव ठेवतात. त्यांच्या देशातले सिंह केव्हाच संपले. नाव मात्र गावोगाव, देशोदेशी फिरतंय."

"सिंह संपले आणि नाव राहिलं?" ठकूने विचारलं.

"हो."

"मग हेच द्या," ठकू म्हणाली. "टिकाऊ आहे."

बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. सशाचा कान लांब, त्यामुळे नाव आतपर्यंत पोहोचायला जरा वेळ लागला. मग बाळाने डोळे उघडले.

तो अरी जगला. का जगला, ते मला विचारू नका. त्या वर्षी ससाणा दुसऱ्या डोंगरावर गेला होता, असं काही जण म्हणतात. ठकू म्हणायची, नावामुळे. आणि ते ती सगळीकडे म्हणायची. झऱ्यावर म्हणायची, वारुळापाशी म्हणायची, कुणी विचारलं नाही तरी म्हणायची.

व्हायचं तेच झालं. खारीने आपल्या मुलाचं नाव ठेवलं अरी. पाणमांजराने ठेवलं अरी. मुंगसाकडे जुळी झाली, त्यांनी दोघांचंही ठेवलं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष दिगंबरराव सांबर यांनीही आपल्या पाडसाचं नाव अरीच ठेवलं. वर सांगायचे, "आमचं लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. सशाने आमचं उचललं."

जंगलाचा प्रधान होता कोल्हा. जन्माच्या नोंदीही तोच ठेवायचा. तो दर वर्षी वडाच्या खोडावर लाडक्या नावांची यादी लावत असे. अरी आधी एकतिसावा होता. मग तिसरा झाला. मग पहिला. पहिला झाल्यावर तर आयांनी नाव बघणंही सोडलं. त्या नुसतं विचारायच्या, "पहिलं कुठलं आहे? तेच लिहा."

शाळेत माकडीणबाई हजेरी घ्यायच्या. "अरी!" म्हटलं की नऊ पोरं एकदम "हजर!" म्हणून ओरडायची. शेवटी बाईंनी वाटणी केली. ओला अरी, शेपटीवाला अरी, शिंगं येणारा अरी. आपला अरी झाला कान्या अरी. आपणच पहिले आहोत हे त्याने एकदा सांगून पाहिलं. बाकीचे अरी इतके हसले, की त्याने पुन्हा सांगितलं नाही. फक्त दिगंबररावांचं पाडस म्हणालं, "असशील बुवा. चल, खेळायला." तेव्हापासून ते दोघे मित्र झाले.

आता राजाकडे चला.

राजा अर्थातच सिंह. त्याच्या राणीला छावा झाला. राजाने प्रधानाला बोलावलं. "सध्या कुठलं नाव चालतं?"

"अरी, महाराज. सलग दोन वर्षं पहिलं."

"अर्थ काय?"

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिलं. "सिंह, महाराज."

राजाने पंजा आपटला. "माझ्या जंगलात नऊ सिंह आहेत? आणि मला आज कळतंय?"

"हा झाला हिब्रू अर्थ," कोल्हा घाईने म्हणाला. "आपल्या संस्कृतात पाहिलं तर अरी म्हणजे शत्रू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एका शब्दकोशाप्रमाणे ते तोतये आहेत आणि दुसऱ्याप्रमाणे राजद्रोही. कुठलाही उघडा, महाराज. शिक्षा आहेच."

राजाला हा न्याय आवडला. त्याने दवंडी पिटवली. येत्या गुरुवारी सगळ्या अरींनी आईबापांसह दरबारात हजर व्हावं.

बुधवारपर्यंत जंगलात एकच अरी उरला. त्याचं असं झालं, की सगळ्यांत आधी दिगंबरराव कोल्ह्याच्या दारात गेले. "प्रधानजी, काहीतरी करा."

"सोपं आहे," कोल्हा म्हणाला. "पुढे एक ह लावू. हरी. देवाचं नाव आहे, कुणाची टाप आहे बोलायची? शिवाय संस्कृतात हरी म्हणजे सिंहही होतो, माकडही होतं, बेडूकही होतो. वेळ पडेल तसा अर्थ काढता येईल."

दुपारपर्यंत रांग लागली. संध्याकाळी आठ हरी झाले.

लहानू म्हणाला, "अगं, आपणही एक ह लावून घेऊ."

"नाही," ठकू म्हणाली.

"एकच अक्षर आहे."

"तीन पोरं गेली माझी. हे एक नावासकट जगलंय. नाव काढलं आणि पोरही गेलं तर? तुम्ही लावा ह. लहानूच्या पुढे लावा."

गुरुवारी सकाळी ठकू पोराला घेऊन निघाली. थोडी पुढे गेल्यावर तिने मागे पाहिलं. लहानू येत होता. झुडपाझुडपाआड लपत, पण येत होता. ती जरा हळू चालू लागली.

दरबारात राजाने खाली पाहिलं. त्याला वाटलं, अजून कुणी आलंच नाही. मग त्याला कान दिसले.

"तूच अरी?"

"हो," पोर म्हणालं.

"या नावाचा अर्थ ठाऊक आहे?"

ठकूने पोराला चिमटा काढला. पण त्याला कुणी गप्प बसायला शिकवलं नव्हतं.

"ठाऊक आहे," ते म्हणालं. "आईने सावकाश हाक मारली, तर त्याचा अर्थ जेवायला ये. दोनदा पटपट मारली, तर पळ. बाबांनी बिळातून मारली, तर त्याचा अर्थ आहेस ना रे?"

लहानू खाली बघू लागला.

आणि मुलांनो, राजा हसला. इतका हसला, की आयाळीतल्या माश्या उडाल्या.

"ठेव," तो म्हणाला. "ठेव तुझं नाव. आणि माझ्या मुलाचंही नाव आजपासून अरी. एक नावाचा सिंह, एक खरा सिंह. दोघे एकाच जंगलात राहू द्या. फरक सगळ्यांना आपोआप कळेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोल्ह्याने सगळ्यांत जास्त.

फरक कळला. पण राजाला हवा होता तसा नाही.

सशाच्या पोराचं ते उत्तर वाऱ्यासारखं पसरलं. पोरं त्याचं नाटक करू लागली. आज्या ते नातवंडांना सांगू लागल्या. अरी म्हटलं की सगळ्यांना कान आठवायचे. राजवाड्यात बारसं झालं, तेव्हा आहेर काय आले? गाजरं आली. मुळे आले. दिगंबररावांनी तर कोवळ्या दूर्वांची भलीमोठी पेंढी आणली आणि म्हणाले, "राणीसाहेब, बाळाला पचायला हलक्या." शाळेत माकडीणबाईंनी फळ्यावर लिहिलं: अरी म्हणजे ससा.

छावा मोठा झाला. शाळेत गेला आणि रडत परत आला. पोरांनी त्याला उड्या मारून दाखवायला सांगितलं होतं.

राजा चिडला. "बस झालं. नाव बदलू. आपणही ह लावू."

राणी पंजे चाटत बसली होती. ती कमी बोलायची. जंगलात शिकार करायची ती तीच. राजा फक्त गर्जना करायचा. तिने विचारलं, "मी याला अरी म्हणून हाक मारते, तेव्हा जंगल पळतं का?"

"कुठलं पळतंय! कुणी मान वर करून बघत नाही. तेच तर सांगतोय."

"मग राहू द्या," राणी म्हणाली.

एका सकाळी ती छाव्याला घेऊन तळ्यावर गेली. तिथे सांबरांचा कळप चरत होता. दिगंबरराव मधोमध होते. राणी झुडपाआड थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "जा अरी. पुढे हो."

कळपाने ऐकलं. दिगंबररावांच्या पाडसाने, म्हणजे हरीने, मान वर केली. "बाबा, कुणीतरी येतंय."

"चर तू," दिगंबरराव मान वर न करताच म्हणाले. "अरी आहे. ससा."

शाळेच्या समितीचं अध्यक्षपद त्या दिवसापासून रिकामं आहे.

त्या दुपारी माकडीणबाईंनी फळा पुसला. वडावरच्या यादीतून कोल्ह्याने अरी हे नाव खरवडून काढलं. त्याच्या जागी एकच शब्द लिहिला: पळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू माळावर गेली. गवत पुरुषभर नव्हतं, पण चांगलं होतं. काळवीट होते, नीलगाई होत्या, रानडुकरं होती. सशांना कडेची काटेरी पट्टी. नेहमीचंच. ठकूने पोराला हाक मारली, सावकाश, जेवायला यायची.

"अरीऽऽ!"

धूळ उडाली. ठकूने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माळावर कुणी नव्हतं. नुसतं गवत होतं, वाऱ्यावर हलत.

तिला वाटलं, भूकंप झाला असावा. तिने खात्री करून घ्यायला पुन्हा हाक मारली. समोरची टेकडी रिकामी झाली.

मग ठकू हळूच माळाच्या मधोमध गेली, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा कोवळं, वरचं गवत खाल्लं.

तेव्हापासून तिचं असंच चाललं. सकाळी एक हाक, संध्याकाळी एक. लहानूच्या पोटाला घडी पडली. तो आता बिळाच्या बाहेर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "काय, घाई कसली आहे?"

अरीला मात्र तिथे करमेना. तो हरीला शोधत तळ्याकाठी गेला. हरी झाडामागे उभा होता, बारीक झालेला.

"हरी," तो म्हणाला, "मी आहे."

"कोण मी?"

अरीने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव सांगितलं तर हरी पळणार होता. मग तो म्हणाला, "मी रे. कान्या."

हरी जवळ आला नाही. पण पळालाही नाही. एवढंच.

घरी येऊन अरी म्हणाला, "आई, मला दुसरं नाव दे."

ठकू चरत होती. तिने घास गिळला. "वेडा आहेस का? एवढे दिवस लागले त्याला अर्थ यायला."

आता वह्या काढा आणि लिहून घ्या. तात्पर्य असं, की मुलाचं नाव ठेवताना अर्थ बघत बसू नये. अर्थ कुणीतरी दुसरा, दुसऱ्याच कुणाला तरी खाऊन सिद्ध करतो. आपण फक्त हाक मारावी, आणि माळ रिकामा झाला की जेवायला बसावं.