नारळामागचे माएस्ट्रो

भाताच्या कुकरचं बटण टक्कन वर उडालं आणि जोव्हेलिनच्या घरातली शांतता फुटली.

तशी ती शांतता फार जुनी नव्हती. जेमतेम तीन मिनिटांची होती. पण आठ महिन्यांच्या बाळाला झोपवून मिळवलेली तीन मिनिटं कुणी फुकट घालवत नाही. बाळाने एक डोळा उघडला. दुसरा उघडायच्या आत जोव्हेलिनने माएस्ट्रो सेवेरोंची अंगाई गुणगुणायला घेतली. तिसऱ्या ओळीला डोळा मिटला.

गावात माएस्ट्रोंचे चाहते नाना कारणांनी झाले होते. कुणी त्यांच्या सिनेमातल्या गाण्यांवर प्रेमात पडलं होतं, कुणी त्याच गाण्यांवर प्रेमभंगातून उठलं होतं. जोव्हेलिनचं कारण साधं होतं. साठ-सत्तर सिनेमांना संगीत देणाऱ्या या माणसाने कधीतरी एक अंगाई केली होती आणि तिच्यावर तिची दोन्ही मुलं झोपत आली होती. नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मदतीला कोण, तर वीस वर्षांपूर्वी वारलेला एक संगीतकार. अशा माणसाची पुण्यतिथी आपण नाही करायची तर कुणी?

माएस्ट्रो सेवेरो मालिवानाग स्मृती मंडळाचे अकरा सभासद होते आणि त्यांचं सरासरी वय बहात्तर होतं, एकोणतीस वर्षांची जोव्हेलिन धरूनसुद्धा. तिला मोबाइलवर फोटो पाठवता येत असल्यामुळे ती सर्वानुमते सचिव झाली होती. "या वर्षी सगळं माझ्यावर सोडा," बैठकीत ती म्हणाली होती. "एक गोष्ट चुकणार नाही. आणि सोमवारी रस्त्याचं नावही मंजूर होईल."

हे ती लोलो देल्फिनकडे बघून बोलली, म्हणून जरा जास्तच ठासून बोलली. लोलो देल्फिन मंडळाचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना लोलो, म्हणजे आजोबाच म्हणायचं. वय चौऱ्याऐंशी. माएस्ट्रोंच्या वाद्यवृंदात त्यांनी बावीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं होतं. माएस्ट्रो ज्या गल्लीत जन्मले तिथेच लोलो राहत. त्या गल्लीचं सरकारी नाव होतं 'बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली'. कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली होती. बर्फ गेला, कारखाना गेला, नाव मात्र गोठलेलं. गल्लीला माएस्ट्रोंचं नाव द्यावं म्हणून लोलो वीस वर्षं अर्ज करत होते. नकाशा, मोजणी, घरोघरच्या सह्या, सगळं त्या फाइलीत होतं. आता काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून मिटत आली होती.

"पाटी लागणार, ते ठीक आहे गं," ते म्हणाले होते. "मला ती वाचता आली पाहिजे."

फाइल होती नगरसेवक एल्पिडियो दिमायुगांच्या समितीकडे. दिमायुगा कधी नाही म्हणत नसत. होही म्हणत नसत. या खेपेला मात्र त्यांच्या ऑफिसातून निरोप आला, की साहेब बायकामुलांना घेऊन हाँगकाँगला फिरायला चाललेत, आले की सोमवारी विषय घेणार आहेत. पुण्यतिथीच्या फ्लेक्सवर साहेबांचा एखादा फोटो असला तर बरं दिसेल.

एखादा फोटो लगेच आलाही. पांढराशुभ्र भरतकाम केलेला बारोंग सदरा घातलेले साहेब, मागे निळं आकाश, ढग, आणि एका ढगातून थेट साहेबांच्या डोक्यावर उतरलेली सूर्याची तिरीप. माएस्ट्रोंचा जगात एकच फोटो होता. काळापांढरा, पियानोपाशी बसलेले, बाजूने काढलेला. तो मोठा करायला गेलं की नाकाचे ठिपके होत. फ्लेक्सवाला व्यवहारी माणूस. त्याने साहेबांना आकाशासकट मध्यभागी बसवलं आणि माएस्ट्रोंना डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटासारखं. माएस्ट्रोंचं नाव आणि 'विसावा' हा शब्दही तिकडेच. नमुना त्याने मोबाइलवर पाठवला. जोव्हेलिनने तो बाळाला पाजता पाजता एका हाताने पाहिला. डाव्या कोपऱ्यावर तिचा अंगठा होता. "छान झालाय," तिने कळवून टाकलं.

राहता राहिली जागा. चौकातल्या दोन नारळांमधलं अंतर तिने बाळाच्या झोळीच्या कापडाने मोजलं होतं, ते बरोबर एक कापड भरलं. दुकानातून आणलं तेव्हा ते कापड बरोबर दहा फूट होतं. त्यानंतर आठ महिने ते रोज धुतलं गेलं होतं. गुरुवारी संध्याकाळी फ्लेक्सवाल्याची माणसं आली, तेव्हा दहा फुटांचा फ्लेक्स आठ फुटांत बसेना. त्यांनी उरलेले दोन फूट डाव्या नारळाला गुंडाळले आणि गाठ मारून निघून गेली.

दर्शनी भागावर राहिलं ते एवढंच: आकाश, ढग, तिरीप, खाली "स्मृतिदिन. आपण आमच्या हृदयात सदैव आहात" आणि त्याखाली ठळक अक्षरांत "नगरसेवक एल्पिडियो दिमायुगा".

शुक्रवारी सकाळी सात वाजता जोव्हेलिन बाळाला कडेवर आणि पाच वर्षांच्या लाइकाला हाताला धरून चौकात आली, तर नारळापाशी अकरा मेणबत्त्या जळत होत्या. पांढऱ्या फुलांचा ढीग पडला होता. वीस वर्षांत मंडळाबाहेरच्या एका माणसाने उदबत्तीची काडी लावली नव्हती. फ्लेक्सकडे मान वर करून बघायचं तिला सुचलंसुद्धा नाही. मासळीवाली आजी, लोला पुरिंग, टोपली बाजूला ठेवून पदराने, म्हणजे एप्रनने, डोळे टिपत उभी होती.

"तुम्ही ओळखत होता त्यांना?" जोव्हेलिनने विचारलं.

"आमच्याकडे नळ त्यांनी आणला."

हे जोव्हेलिनला नवीन होतं. माएस्ट्रोंवरच्या कुठल्याही लेखात नळाचा उल्लेख नव्हता. पण थोर माणसं केलेलं सांगत थोडीच बसतात?

"आणि तोरा म्हणून नाही," लोला पुरिंग म्हणाली. "माझ्या नातीच्या लग्नात नाचले. तालाच्या नावाने शंख, पण नाचले."

"त्यांना ताल नव्हता?"

"अजिबात. मन मोठं होतं."

जोव्हेलिन अचंब्यात पडली. तालाचा एवढा बादशहा, आणि गरिबाच्या लग्नात मुद्दाम बेताल नाचला. याला म्हणतात विनय. तेवढ्यात लोला पुरिंगने टोपलीतली लाल चिंधी काढून बाळाच्या मनगटाला बांधली. मयतीला नेलेल्या लेकराच्या अंगावर लाल हवं, नाहीतर मेलेला छळतो. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्याच मुलांना लाल सदरे. वीस वर्षं जुन्या मरणालाही लोक इतकं सोवळं पाळतात, याचं जोव्हेलिनला कौतुक वाटलं.

आता आणखी एक रीत अशी, की मयतीवरून कुणी थेट घरी जात नाही. गेलं तर मेलेला मागोमाग घरी येतो. म्हणून वाटेत कुठेतरी टेकायचं, त्याला झटकायचं आणि मग घर गाठायचं. चौकात मेणबत्ती लावलेला प्रत्येक जण त्याप्रमाणे कुठे ना कुठे टेकला. कुणी बेकरीत, कुणी न्हाव्याकडे, कुणी जीपनी गाड्यांच्या थांब्यावर. आणि जिथे टेकला तिथे बोलला. मेलेला झटकला गेला की नाही देव जाणे, बातमी मात्र गावभर झटकली गेली. बारा वाजता बेकरीतले पाव संपले.

दुपारी तीनपर्यंत चारशे माणसं जमली. चर्चने मांडव पाठवला. बायकांनी कॉफी आणि बिस्किटं मांडली, पुरुषांनी पत्त्यांची टेबलं मांडली. लोलो देल्फिन ट्रम्पेट घेऊन आले. फ्लेक्स त्यांना दिसत नव्हता, पण गर्दी ऐकू येत होती. त्यांनी माएस्ट्रोंची ती समुद्रकिनाऱ्यावरच्या निरोपाची धून काढली आणि चारशे माणसं ढसाढसा रडली. धून संपल्यावर लोलोंनी चाचपडत जोव्हेलिनचा हात धरला.

"बघ," ते म्हणाले. "विसरले नव्हते लोक."

तेवढ्यात उपनगराध्यक्षांची गाडी आली. मागून दोन माणसांनी पुष्पचक्र उतरवलं, आणि त्यावरची जांभळी फीत जोव्हेलिनने वाचली. मग तिने पहिल्यांदा फ्लेक्स वाचला. मग ती डाव्या नारळामागे गेली. तिथे माएस्ट्रो होते. झुंजीच्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे तोंड करून शांतपणे पियानो वाजवत होते.

तिने उपनगराध्यक्षांना गाठलं आणि एका दमात सांगितलं, "साहेब, दिमायुगासाहेब जिवंत आहेत."

उपनगराध्यक्षांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "हो बाई. तुमच्या-माझ्या मनात ते कायम राहतील."

"तसं नाही. ते हाँगकाँगला आहेत."

"अच्छा. म्हणजे तिकडे घडलं."

"घडलं काहीच नाही, बायकामुलांबरोबर आहेत ते!"

"एकटे नव्हते," उपनगराध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "तेवढंच समाधान."

दहा मिनिटांत मांडवभर झालं, की साहेब हाँगकाँगला गेले, घरची माणसं जवळ होती, फार त्रास झाला नाही. कुणीतरी साहेबांचा मोबाइल लावून पाहिला. बंद होता. यापुढे पुरावा तो कोणता हवा? जोव्हेलिनने आणखी सात जणांना सांगून पाहिलं. सातही जणांनी तिला बिस्किट दिलं.

शनिवारी, माएस्ट्रोंच्या पुण्यतिथीच्या नेमक्या दिवशी, सकाळी दहाला नगरपालिकेची तातडीची सभा भरली. दिवंगत सहकाऱ्याच्या नावे रस्ता द्यायचा, एवढा एकच विषय. रस्ता कोणता, यावर मुळीच वाद झाला नाही. एका गल्लीची फाइल पूर्ण तयार होती. नकाशा होता, मोजणी होती, सह्या होत्या. फक्त नावाच्या ठिकाणी खाडाखोड करायची होती.

जोव्हेलिन बाळाला घेऊन मागच्या बाकावर बसली होती. ती उठली. "मला बोलायचंय," म्हणाली. सभेच्या अध्यक्षांनी परवानगी दिली. सगळं सभागृह वळून बघू लागलं, आणि एवढे चेहरे एकदम पाहून बाळाने भोकाड पसरलं. असं भोकाड, की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. बोलणं शक्यच नव्हतं. आधी बाळ गप्प करायला हवं होतं, आणि त्याला एकच औषध होतं. तिने गुणगुणायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीला सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या ओळीला उपनगराध्यक्षांनी रुमाल काढला. तिसऱ्या ओळीला बाळ झोपलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

पेंटर मांडवातच पत्ते खेळत होता, त्यामुळे पाटी चार वाजेपर्यंत लागलीसुद्धा. आणि जोव्हेलिन घाईघाईने गल्लीत पोहोचेपर्यंत लोलो देल्फिनना कुणीतरी सांगून टाकलं होतं, की तुमच्या गल्लीचं झालं बरं का. ते नवा सदरा घालून खांबापाशी स्टुलावर चढले होते. नाक पाटीला टेकवून त्यांनी पहिलं अक्षर वाचलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"जोव्हेलिन," ते हळूच म्हणाले, "माझे डोळे गेले वाटतं. मला इथे दिमायुगा दिसतंय."

खोटं बोलायला तिला फार बरं वाटलं असतं. "नाही, लोलो," ती म्हणाली. "डोळे चांगले आहेत तुमचे." मग तिने झोळीच्या कापडापासून अंगठ्यापर्यंत सगळं सांगितलं. लोलो स्टुलावरच बसून ऐकत होते. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे काल रडले ते...?" आणि उत्तराची वाट न पाहता ट्रम्पेट पिशवीत घातलं.

रविवारी दुपारी दिमायुगा आले. डोक्यावर नवी टोपी, दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या. गाडीतून उतरले ते थेट स्वतःच्या मयतीच्या मांडवात. लोला पुरिंगने सवयीने त्यांच्या हातात कॉफी दिली आणि सवयीनेच म्हणाली, की देवाची मर्जी, धीर धरा. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पुष्पचक्रं मोजली, कुणाकुणाचं आलं नाही ते विचारून घेतलं, आणि जोव्हेलिनला म्हणाले, "नियोजन उत्तम होतं."

सोमवारच्या सभेत कायदा निघाला. जिवंत माणसाचं नाव रस्त्याला देता येत नाही. जोव्हेलिनच्या जिवात जीव आला. पण त्यापुढचंही एक कलम निघालं. एकमताने झालेला ठराव रद्द करायचा तर नवी फाइल, नवी मोजणी, नव्या सह्या. आणि त्याची छाननी कुणी करायची, तर दिमायुगांच्या समितीने. तेव्हा सर्वांनी विचारपूर्वक मधला मार्ग काढला. ठराव रद्द करू नये. अट पूर्ण होईपर्यंत त्याची अंमलबजावणी फक्त स्थगित ठेवावी. तोवर पाटी झाकावी.

संध्याकाळी पाटीवर तांदळाचं रिकामं पोतं बांधलं गेलं आणि त्याखाली मंडळाचे अकरा सभासद जमले. पुण्यतिथी दोन दिवस उशिरा का होईना, करायची होतीच. मंडळाने नूडल्सची पानसित आणली होती. चारशे माणसं काही आली नव्हती, त्यामुळे ती पुष्कळ उरली. लोलो देल्फिननी ट्रम्पेट पिशवीतून काढलं, तोंडाला लावलं आणि पुन्हा खाली घेतलं.

"तब्येत कशी आहे साहेबांची?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात," जोव्हेलिन म्हणाली. "दारू नाही, सिगारेट नाही."

"हं," लोलो म्हणाले. "चांगलं आहे." आणि ते वाजवू लागले.

लाइका इतका वेळ पोत्याकडे बघत नूडल्स खात होती. तिने आईची बाही ओढली.

"आई, ते काका मेलेच नाहीत, तरी त्यांना फुलं मिळाली, मांडव मिळाला, रस्ता मिळाला. माएस्ट्रो तर खरंच मेलेत. मग मेल्यावर नक्की मिळतं काय?"