खानझोडे काकांचं वरचं स्टिअरिंग

आमच्या अधारतालच्या गल्लीत दूधवाल्याला बोलवायचं असलं की खानझोडे काका गच्चीवरून बोटीचा भोंगा वाजवत. बोट गच्चीवर नव्हती. ती बरगीला, धरणाच्या काठाशी ठोकळ्यांवर उभी होती. गच्चीवर होतं ते तिच्या छतावर बसवायचं दुसरं स्टिअरिंग : चाक, वेगाचा दांडा, होकायंत्र, भोंगा, एक खुर्ची आणि वर ताडपत्री.

"खाली केबिनमध्ये एक आहे ना, मग हे काहून?" असं कोणी विचारलं की काका म्हणत, "वरून दिसते ना भैया!"

काका जाऊन आता वर्ष होत आलं. दूधवाला अजूनही त्या गच्चीकडे एकदा बघतो आणि मग पुढे जातो.

कारखान्यात जन्मभर फिटर, त्यामुळे "सूतभर भी नहीं!" हे त्यांचं पालुपद. चहात साखरसुद्धा सूतभर जास्त चालत नसे. एकदा होकायंत्र त्यांनी भोंग्याच्या चुंबकाला लागून बसवलं आणि महिनाभर उत्तर दिशा शेजारच्या शर्माजींच्या टाकीकडे गेली. "खानझोडे जी, उत्तर हमारी टंकी में है क्या?" शर्माजी रोज विचारत. शेवटी काकांनी होकायंत्र दूर हलवलं.

एक चूक मात्र ते सुधारेनात. खुर्ची चाकाच्या इतकी जवळ होती की उंचेपुरे काका तिच्यात बसले की गुडघे चाकाला अडकत.

"काका, खुर्ची मागे घ्या," मी म्हणायचो.

"नाप बरोबर आहे."

"आणि तुमचे गुडघे?"

"त्यांचं नाप घेतलंच कुठे मी?"

काकूंना या सगळ्याचा राग होता. त्यांचं माहेर बरगीच्या पाण्याखाली गेलेलं. तेव्हापासून त्या धरणाकडे फिरकल्या नव्हत्या. "तुम्ही खुशाल फिरा. मी नाही येत त्या पाण्यावर," एवढंच म्हणत. काका पुन्हा पान्हा उचलत.

गच्चीवरचं स्टिअरिंग छतावर चढवून बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी मी मदतीला होतो. काकू आल्या, पण हातात डबा धरून. "डबा द्यायला आली, बसायला नाही."

"सुमन, वर बस. चाक तुला धरायचं आहे."

"मले येते का चालवता?"

"दांडा पुढे केला की चालते, मधे आणला की थांबते. चालवणं मी शिकवतो. रस्ता कोण सांगणार? खालून नुसतं पाणी दिसते. वरून तुमच्या गावची टेकडी दिसते."

काकूंनी पदर खोचला. मग डबा माझ्या हाती देऊन शिडी चढल्या. खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचे पाय पायटेकणीवर नेमके टेकले. गुडघे कुठेच अडकले नाहीत.

काका खाली इंजिनाशी जाऊन बसले, मी त्यांच्याजवळ. बोट संथ निघाली, एकदा वळली, जरा वेळाने पुन्हा वळली. मग इंजिनाचा आवाज उतरला आणि भोंगा वाजला.

"काहून? काय झालं?" काका खालून ओरडले.

"काही नाही," वरून काकू म्हणाल्या. "घर आलं."