चाटुचाकचा बुधवार

बँकॉकमध्ये खरेदी कुठे करायची, हे विचारायचं तर मला विचारा! मी बँकॉकला गेलेली नाही, तो भाग वेगळा. पण मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिलेत की घाऊक कपडे प्रतुनामला आणि सटरफटर चायनाटाऊनला, हे मी धुळ्याच्या देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर बसून झोपेतही सांगेन.

आमच्या घरात खरेदी म्हणजे मी. लग्नाचा बस्ता असो की बारशाचं झबलं, सासूबाई अख्ख्या भावकीसमोर म्हणणार, "थोरलीला विचारा." हा मान मी जिवापाड जपलाय. आणि नेमकी धाकटी जाऊ दिपमाला बँकॉकला निघाली!

दीपकभाऊंचं, म्हणजे माझ्या दिरांचं, पहूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. टार्गेट पुरं केलं म्हणून कंपनीने त्यांना जोडीने फुकट सहल दिली. आमचे हे कॉलेजच्या ऑफिसात. यांना कॉलेज वर्षातून एकदा डायरी देतं.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन थांबेना. ही तिकडून पिशव्या भरभरून आणणार, श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भावकी जमणार, आणि सासूबाई म्हणणार, "आता धाकटीला विचारा." मग मी काय करायचं? नैवेद्याचे रोट लाटत बसायचं?

"अक्का, मी तर जळगावच्या मार्केटातसुद्धा चुकते," दिपमाला माझ्याच सोफ्यावर बसून माझाच चहा पीत म्हणाली. "तुम्हीच सांगा, तिकडे कुठे जाऊ?"

ही फैजपूरची, केळीच्या बागेत वाढलेली. हिला पर्स आणि पिशवी यातला फरक कळत नाही, आणि विमानात ही बसणार.

"चाटुचाकला जा," मी म्हटलं. "तिथला सगळ्यात मोठा बाजार. हजारो दुकानं." माझा जीव जडलेली तिथली तपकिरी पर्सही मी तिला व्हिडिओत दाखवली.

"कंपनी बायकांना एक दिवस मोकळा देणार आहे. कोणता वार मागू?"

इथे माझी नियत फिरली. बाजाराला वार असतो, हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही. वार चुकला की रिकाम्या ओट्यांवर बसलेल्या शेळ्या बघून परत यायचं. चाटुचाकचा खरा बाजार शनिवार-रविवारचा. बुधवारी तिथे झाडं-रोपं विकतात, हे मी व्हिडिओत नीट पाहिलं होतं.

"बुधवार माग," मी म्हटलं. "गर्दी नसते."

"किती जीव लावता हो अक्का," म्हणत ती चक्क माझ्या पाया पडली. मी आशीर्वादही दिला.

बुधवारी सासूबाई आमच्याकडेच होत्या. सकाळीच दिपमालाचा व्हिडिओ कॉल आला. आता रडका चेहरा दिसणार म्हणून मी घाईघाईने चष्मा लावला. बघते तर हिच्यामागे दुकानदारांच्या बायकांची अख्खी बस!

"अक्का, तुमचं नाव सांगून सगळ्यांना घेऊन आलेय!"

आता शिव्या एकटीच्या नाही, साऱ्या जिल्ह्याच्या.

"कपड्यांची दुकानं बंद आहेत," ती म्हणाली.

"अगं बाई! असं कसं?" मी जमेल तेवढं हळहळून म्हटलं.

"पण हे तर बघा!"

तिने फोन फिरवला. नजर जाईल तिथे रोपंच रोपं. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची केळी बघून एक बाई तिला कुरवाळत होती. दुसरी हातवारे करून खत कोणतं घालता ते विचारत होती, आणि विकणारी थाई बाई तिला हातवाऱ्यांनीच सांगत होती. कंपनीचे साहेब खुशीत शूटिंग करत होते.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोनच ओढून घेतला. "हाई काय शे वं माय! बठ्ठं हिरवंगार शे!" त्या तासभर फोन सोडेनात. माझा चहा उतू गेला.

कानबाईला भावकी जमली. दिपमालाने सगळ्यांना सांगितलं, की बुधवारचं शूटिंग कंपनीला आवडलं, म्हणून साहेबांनी पुढच्या वर्षी बायकांची वेगळी सहल जाहीर केलीय, सिंगापूरची, आणि तिला पुढारी केलंय.

"बुधवार अक्कांनी सुचवला," ती म्हणाली.

"थोरलीनी अक्कल शे हाई," सासूबाई म्हणाल्या. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मान राहिला, पण आतून जळून कोळसा झाले होते. सिंगापूर!

मग दिपमाला माझ्याजवळ सरकली. "अक्का, तुम्ही व्हिडिओत ती तपकिरी पर्स दाखवली होती ना, चाटुचाकचीच? मी घरून निघतानाच ठरवलं होतं, पहिली खरेदी तुमची. त्या दुकानापर्यंत गेलेही होते. पण बुधवारी तेही बंदच! म्हटलं, अक्कांसाठी रिकाम्या हाताने कसं यायचं?"

तिने कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. सोडून बघितलं, तर पिवळ्या मुठीचं छोटंसं खुरपं.

"दुसऱ्या मजल्यावर काय खुरपणार?" यांनी घरी आल्यावर विचारलं. पर्ससाठी मनात योजलेल्या खिळ्यावर ते खुरपं टांगलंय.

आता कुणी बँकॉकला निघालं की सासूबाई त्याला माझ्याकडेच धाडतात. मी सगळं नीट समजावते. वार मात्र शनिवारच सांगते, आणि निघताना पर्सचा रंगही सांगून ठेवते.